वाचकांचे प्रश्न : किलोमीटर मोजावेत की तास?

प्रश्न : फुटबॉलच्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग करून क्लब वेगवेगळे खेळवतात. मग तिला खंडाची स्पर्धा का म्हणायचं? युरोपात लिस्बनचा संघ आणि कझाकस्तानचा संघ एकमेकांशी खेळतातच ना?
– भूगोल शिकवणारे एक वाचक

तुम्ही निवडलेलं उदाहरण युरोपातलं अगदी टोकाचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अल्माटीचा कैरात क्लब स्पोर्टिंगशी खेळायला लिस्बनला गेला, तेव्हा एका बाजूचं अंतर ६,९०० किलोमीटरच्या आसपास भरलं आणि युरोपभर त्याची बातमी झाली. आता सिडनी ते सोल मोजा : ८,३०० किलोमीटर. हे दोन्ही संघ आशियाच्या एकाच, म्हणजे पूर्व विभागात येतात. त्यांच्यातला सामना तिथे नेहमीचाच, त्याची कोणी बातमी करत नाही.

आशियाई फुटबॉल महासंघात (एएफसी) ४७ सदस्य आहेत. एका टोकाला लेबनॉन आणि जॉर्डन, दुसऱ्या टोकाला गुआम. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशनिया सोडून आशियात आला, तेव्हा हा पट आणखी खाली दक्षिणेकडे ताणला गेला. २०२४ पासून 'एलिट' म्हटल्या जाणाऱ्या या लीगच्या २०२४-२५ आणि २०२५-२६ च्या मोसमांत पूर्वेचे १२ आणि पश्चिमेचे १२ क्लब पहिल्या फेरीत प्रत्येकी आठ सामने खेळले. त्यांतले चार सामने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर. विभाग नसते, तर मेलबर्नच्या एखाद्या क्लबला त्याच चार सामन्यांत जेद्दा, ताश्कंद, दोहा आणि ओसाका अशी सोडत लागू शकली असती. तीही सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात, देशातली लीग चालू असताना.

मी काही वर्षं एका क्लबच्या संघव्यवस्थेत होते. प्रवास हेच माझं काम. म्हणून सांगते, सामना मंगळवारी असला तरी तो मंगळवारपुरता नसतो. शनिवारी लीगचा सामना संपवून खेळाडू घरी पोचतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. रविवारी सकाळी विमानतळ. पासपोर्ट आदल्या रात्रीच माझ्याकडे जमा असायचे, कारण एक जरी घरी राहिला तरी सगळी रांग अडते. किटच्या पेट्या, फिजिओचं टेबल, बर्फाच्या पिशव्या, औषधांची यादी, त्या औषधांसाठी डॉक्टरांचं पत्र. थेट विमान असलं तर नशीब. नसलं तर मधल्या विमानतळावर पाच-सहा तास, आणि तिथे सहा फुटांहून उंच बचावपटू खुर्च्यांच्या मध्ये फरशीवर पाय पसरून झोपलेले. सोमवारी सायंकाळी मैदानावर तासभर सराव, मंगळवारी सामना, रात्री उशिरा जेवण, बुधवारी परतीचं विमान. गुरुवारी संघ घरी, आणि शनिवारी पुन्हा लीग. या आठवड्यात खऱ्या अर्थाने सराव असा होतच नाही. ज्या क्लबकडे २५ तोडीचे खेळाडू आहेत तो हे पेलतो. ज्याच्याकडे १४ आहेत, तो देशातल्या लीगमध्ये गुण गमावतो.

भूगोलाच्या शिक्षकांना आवडेल असा मुद्दा याच्या पुढचा आहे. विभागांची रेघ आशियाच्या मधून उभी, साधारण रेखांशाच्या दिशेने गेली आहे, आणि माझ्या मते ती तशीच असायला हवी. सिडनीहून सोलला जाताना अंतर प्रचंड, पण घड्याळ एक-दोन तासच सरकतं. खेळाडू थकतो, पण रात्रीची झोप रात्रीच येते. टोकियो ते रियाध हे अंतर सिडनी–सोलपेक्षा थोडंसंच जास्त आहे, घड्याळ मात्र सहा तास मागे जातं. तिथे रात्री नऊला सामना सुरू होतो, तेव्हा जपानी खेळाडूच्या शरीरात पहाटेचे तीन वाजलेले असतात. सर्वसाधारण अनुभव असा की एक तासाच्या फरकाशी जुळवून घ्यायला शरीराला जवळपास एक दिवस लागतो. दोन दिवस आधी पोचलेल्या संघाला सहा दिवस कुठून मिळणार? म्हणून मी विभागवारीच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे. खंड मोठा आहे, हे कबूल करून आखलेली ती स्पर्धा आहे.

प्रश्न : इतर खंडांनी यावर काय तोड काढली आहे? की फक्त आशियालाच ही अडचण आहे?
– एक महाविद्यालयीन खेळाडू

अडचण सगळीकडे आहे, रूप वेगळं.

मला सर्वांत आवडलेली युक्ती दक्षिण अमेरिकेची, आणि ती जुनी आहे. कोपा लिबर्तादोरेस या तिथल्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेत कित्येक वर्षं चार संघांच्या एका गटात दोनच देश असायचे, प्रत्येकाचे दोन क्लब. म्हणजे चिलीचे दोन आणि पेरूचे दोन. चिलीचा क्लब एकदाच पेरूला जायचा, तिथे दोन्ही प्रतिस्पर्ध्यांशी काही दिवसांच्या अंतराने खेळायचा आणि परत यायचा. बाहेरच्या देशाची एक फेरी, दोन सामने. तिसरा सामना आपल्याच देशातल्या शेजाऱ्याशी. २००० मध्ये स्पर्धा ३२ संघांची झाली आणि ही रचना गेली. गटांमध्ये विविधता आली खरी, पण प्रवासाच्या दृष्टीने एक शहाणी गोष्ट हातची गेली असं मला वाटतं. आजही दोन सामन्यांचा असा एकच दौरा आखता येईल. अडतं ते बहुधा टीव्हीच्या वेळापत्रकावर.

तिथली दुसरी अडचण उंचीची. बोलिव्हियातल्या ला पाझचं मैदान समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरवर आहे. पाहुणे संघ बहुतेक वेळा खालच्या सांताक्रूझ शहरात थांबतात आणि सामन्याच्या काही तास आधीच वर येतात, म्हणजे उंचीचा त्रास पुरता सुरू होण्याआधी खेळून निघता येतं. फिफाने २००७ मध्ये उंचावरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी आणली होती, वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. ला पाझच्या लोकांनी त्यांच्या घरी खेळू नये, हे त्यांना कोण सांगणार?

आफ्रिकेत अडचण विमानांची आहे. शेजारच्या देशात जायला थेट विमान नसतं आणि संघ पॅरिस, इस्तंबूल किंवा आदिस अबाबा फिरून जातो. शिवाय अनेक देशांत महासंघाने मान्य केलेलं मैदानच नाही, त्यामुळे 'घरचा' सामनाही परदेशात होतो. महिलांच्या चॅम्पियन्स लीगसाठी मात्र तिथे २०२१ पासून चांगली सोय आहे : सहा प्रादेशिक संघटना आपापल्या भागात पात्रता स्पर्धा घेतात आणि आठ संघांची अंतिम स्पर्धा एका देशात होते. महिला क्लबांकडे पैसा कमी असतो, हे ओळखून केलेली ही रचना आहे. माझ्या लेखी ही उदार आखणी आहे.

युरोपात क्लबांच्या मुख्य फेरीला प्रादेशिक गट नाहीत, कारण तिथे गरज कमी. तरीही राष्ट्रीय संघांच्या पात्रता फेरीची सोडत काढताना, कझाकस्तानच्या गटात पश्चिम टोकाचे देश किती असावेत यावर मर्यादा घालतात.

प्रवासाची घाई किती महाग पडते, हे युरोपला १९५८ मध्ये कळलं. त्याआधी डिसेंबर १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ प्रागहून परतताना इंग्लंडवरच्या धुक्यामुळे अडकला. विमानाने ॲमस्टरडॅम, तिथून बोट, मग रेल्वे असा घरी पोचला. शनिवारच्या लीग सामन्याआधी परतणं भाग होतं, म्हणून पुढच्या फेरीला, बेलग्रेडला जायला क्लबने खास विमान घेतलं. परतताना ते इंधनासाठी म्युनिकला उतरलं आणि ६ फेब्रुवारीला बर्फाळ धावपट्टीवरून उडताना कोसळलं. २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू. पुढे २८ नोव्हेंबर २०१६ ला ब्राझीलच्या शापेकोएन्सेचा संघ कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेची अंतिम लढत खेळायला कोलंबियातल्या मेडेयिनला निघाला होता. इंधन संपून विमान पडलं, ७१ जणांचा जीव गेला. संघाच्या प्रवासाचं काम करणाऱ्या माणसाला या दोन तारखा विसरता येत नाहीत. विमान कोणाचं, मधे इंधन कुठे भरणार, उशीर झाला तर रात्र कुठे काढायची, हे प्रश्न मी प्रत्येक वेळी लेखी विचारत असे. त्यावरून कोणी कंटाळलं तर कंटाळू देत असे.

प्रश्न : भारतीय क्लब पश्चिम विभागात का? पूर्वेत ठेवले तर इराणसारख्या ठिकाणी जाण्याचा प्रश्नच येणार नाही.
– मोहन बागानचे एक चाहते

भारतीय क्लब एके काळी पूर्वेतच होते. २०१६ च्या एएफसी चषकात बेंगळुरू एफसी पूर्व विभागातून खेळला, मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला हरवून अंतिम फेरीत गेला आणि दोहामध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०–१ हरला. २०२१ मध्ये एफसी गोवा चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तो पश्चिम विभागात. म्हणजे ही रेघ महासंघाच्या बैठकीत ठरते आणि हलवता येते. आता दक्षिण, मध्य आणि पश्चिम आशिया मिळून पश्चिम विभाग होतो. आग्नेय आणि पूर्व आशिया मिळून पूर्व.

अंतर पाहिलं तर पश्चिमच सोयीची. मुंबईहून रियाध पावणेतीन हजार किलोमीटर आणि घड्याळाचा फरक अडीच तास. मुंबईहून टोकियो पावणेसात हजार आणि साडेतीन तास. आखाताकडे थेट विमानंही भरपूर. मध्य आशियाचं गणित वेगळं आहे. ताजिकिस्तानचं दुशान्बे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झाल्यावर त्या दिशेचे मार्ग लांबले. २०२५-२६ च्या 'चॅम्पियन्स लीग टू' या आशियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत एफसी गोव्याच्या गटात सौदीचा अल नस्र, इराकचा अल झवरा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल होते. तीन प्रतिस्पर्धी, तीन अगदी वेगळे प्रवास.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा रोख. मोहन बागान ऑक्टोबर २०२४ मध्ये इराणमधल्या ताब्रीझला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इस्फहानला गेला नाही. क्लबने खेळाडूंच्या सुरक्षेचं कारण दिलं. दोन्ही वेळा महासंघाने संघाने माघार घेतली असंच धरलं. खेळाडूंची भीती मी हलकी मानत नाही. पण विभाग बदलणं हा त्यावरचा इलाज नाही. सौदी आणि इराणी क्लब २०१६ पासून सात वर्षं एकमेकांशी तटस्थ मैदानावर खेळले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अल नस्र तेहरानला गेला. धोका खरा असेल तर तटस्थ मैदानाचा निर्णय महासंघाने सोडतीच्या वेळीच, लेखी निकषांवर घ्यावा. सामन्याच्या आदल्या आठवड्यात ते ओझं खेळाडूंवर आणि क्लबवर टाकणं अन्यायाचं आहे, आणि तिकीट काढून बसलेल्या यजमान प्रेक्षकांवरही.

प्रश्न : शेवटच्या फेऱ्या एकाच शहरात खेळवणं योग्य वाटतं का?
– निवृत्त बँक कर्मचारी, रात्री जागून सामने पाहणारे

नाही.

आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये २०१३ पर्यंत पूर्व–पश्चिम गाठ उपांत्यपूर्व फेरीत पडायची, म्हणूनच त्या वर्षी अंतिम लढत ग्वांगझू आणि सोल या पूर्वेच्याच दोन क्लबांत झाली. २०१४ पासून दोन्ही बाजू उपांत्य फेरीपर्यंत वेगळ्या ठेवल्या गेल्या आणि अंतिम सामना नेहमी पूर्व विरुद्ध पश्चिम होऊ लागला. त्याच वर्षी वेस्टर्न सिडनी वाँडरर्सनी घरी १–० जिंकून, बारा हजारांहून जास्त किलोमीटर उडून रियाधमध्ये अल हिलालला ०–० रोखलं. क्लब स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. २०२४ मध्ये योकोहामा एफ. मरिनोसनी अमिरातीच्या अल ऐन क्लबविरुद्ध घरी २–१ अशी आघाडी घेतली आणि त्यांच्या मैदानावर १–५ हरले. दोन्ही शहरांना आपापली रात्र मिळाली.

२०२५ मध्ये मात्र उपांत्यपूर्व फेरीपासून सगळं जेद्दात झालं. प्रवास वाचला, सामने झटपट आटोपले, हे खरं. पण उपांत्य फेरीतल्या चार संघांपैकी तीन सौदीचे होते, आणि अंतिम सामन्यात कावासाकी फ्रोंताले अल अहलीशी त्यांच्याच शहरात खेळला आणि ०–२ हरला. कावासाकीच्या प्रेक्षकांनी पूर्ण मोसम संघाला साथ दिली. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे त्यांना घरी एकही सामना पाहायला मिळाला नाही. अंतिम फेरी दोन सामन्यांची, दहा दिवसांच्या अंतराने, असं मी सुचवीन. तेवढे दिवस दिले तर सहा तासांचा फरकही पेलतो.

प्रश्न : लांबच्या सामन्याला जाताना खेळाडूने झोपेचं काय करावं?
– १७ वर्षांखालील संघातली एक गोलरक्षक

मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर आपल्या घरच्या वेळेवरच राहा : जेवण, झोप, सगळं. मुक्काम लांबचा असेल तर निघण्याआधी तीन-चार दिवस झोपेची वेळ रोज थोडी सरकव. पूर्वेकडे जाताना लवकर झोपायचं, पश्चिमेकडे जाताना उशिरा. पूर्वेचा प्रवास जड जातो, कारण शरीराचं घड्याळ मुळात २४ तासांहून किंचित लांब असतं आणि झोप लवकरच्या वेळेवर आणणं त्याला अवघड जातं. पोचल्यावर दिवसाच्या उजेडात चाल, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नकोस, विमानात पाणी पीत राहा आणि अधूनमधून उठून पाय मोकळे कर. आणि हातमोजे हातातल्या बॅगेत ठेव, सामानात देऊ नकोस.