चाप एकदाच ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या, तर दोष हाताचा की पिस्तुलाचा?

तुम्ही लिहिलंय की सरावाच्या वेळी काकांनी चाप एकदाच ओढला, त्यांच्या परवान्याच्या पिस्तुलातून दोन गोळ्या सुटल्या आणि घरातले सगळे म्हणतायत, "हात थरथरला असेल." पिस्तूल खरंच असं बिघडू शकतं का आणि ते ठेवावं की विकावं, हा तुमचा प्रश्न.

बिघडू शकतं. काका सांगतायत ते आधी खरं धरा. माझं कुणी खरं धरलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी .२२ पिस्तुलाने २५ मीटर खेळायचे. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो प्रकार. त्यातल्या रॅपिडच्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद वळलेलं असतं. हात खाली ४५ अंशांत ठेवायचा, टार्गेट फिरलं की उचलायचा आणि एकच गोळी झाडायची. असं पाच वेळा. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका स्पर्धेत तिसऱ्या वेळी हात उचलला, चाप दाबला, आणि नेहमीच्या सुट्या आवाजाऐवजी एकमेकाला चिकटलेले दोन आवाज आले. धक्का मनगटातून कोपरापर्यंत गेला. पायाशी दोन पुंगळ्या घरंगळल्या. टार्गेटवर पहिली गोळी नऊला, खाली डावीकडे. दुसरी थेट तिच्या वर, वीतभराहून लांब, पाचच्या रिंगमध्ये.

मी घाबरले. मॅगझिन काढलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढली. नियम वेगळं सांगतो: पिस्तूल टार्गेटकडेच रोखून धरायचं, मोकळा हात वर करायचा, रेंज ऑफिसरने तपासेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हात लावला की बिघाड ग्राह्य धरत नाहीत आणि न झाडलेल्या गोळीला शून्य. माझी पाचवी गोळी तशी गेली. तो निर्णय मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे.

मान्य नाही ते आमचे प्रशिक्षक सर नंतर जे बोलले ते. बाबा शेजारी उभे असताना म्हणाले, "मुलींचं बोट घाई करतं. दोनदा दाबलंस तू." मी सांगत होते की चाप सोडलाच नव्हता, बोट मागेच होतं. सर म्हणाले, सकाळीच ट्रिगरचं वजन, म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर, तपासून पिस्तूल पास झालंय, मग बिघाड कुठून येणार? परतताना एसटीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "सर एवढं सांगतात तर असेल तसं." त्यानंतर सहा महिने मी रोज रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून बोट 'सुधारत' होते. सुधारलं काहीच नाही. उलट चाप दाबताना डोळे मिटायला लागले, आणि ती खोड जायला दोन वर्षं लागली.

शेवटी सैन्यातून निवृत्त झालेल्या एका आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या) काकांनी ते पिस्तूल उघडलं. सियरचा, म्हणजे आघात करणाऱ्या हॅमरला अडवून धरणाऱ्या भागाचा, तुकडा चिमट्यात धरून भिंग माझ्या हातात दिलं. "ही कड बघ पोरी. सरळ धार पाहिजे, इथे उतार झालाय." कड गोल होऊन चकाकत होती. ती कुणी घासली होती? सरांनीच. "ट्रिगर मऊ करून देतो" म्हणून त्यांनी आदल्या हंगामात ऑइलस्टोन (घासायचा दगड) फिरवला होता.

आत घडतं ते असं. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, पुंगळी फेकते, हॅमर परत चढवते आणि पुढे येताना नवी गोळी भरते. चढलेला हॅमर सियरच्या इवल्याशा कडेवर अडकून राहतो. तुमचं बोट अजून मागेच असतं, म्हणून डिस्कनेक्टर चाप आणि सियर यांची जोडणी तोडून ठेवतो; चाप पुढे सोडल्यावरच ती पुन्हा जुळते. कड झिजली, सियरची स्प्रिंग मेली किंवा डिस्कनेक्टर मळाने अडला, तर स्लाइड धाडकन बंद होण्याच्या हादऱ्याने हॅमर निसटतो. फायरिंग पिन, म्हणजे गोळीवर आपटणारी खीळ, घाणीने पुढेच अडकून बसली तर हॅमरचीही गरज नाही, स्लाइड मिटतानाच गोळी फुटते. तोवर नळी उचललेली असते. नळी अर्धा अंश वर गेली तरी २५ मीटरवर गोळी सुमारे २२ सेंटीमीटर वर लागते. माझं ते पाचच्या रिंगमधलं भोक तिथून आलं होतं.

आणि वजनाची चाचणी? १००० ग्रॅम वजन ट्रिगरने उचललं की पास. त्या वजनात स्प्रिंगांचाही वाटा असतो. कड किती उरलीय हे त्यातून कळत नाही. 'वजन पास म्हणजे पिस्तूल ठणठणीत' असं आजही अनेक प्रशिक्षक ठामपणे सांगतात. ते चूक आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत चाप न सोडता पिस्तूल आपोआप झाडत राहणं हा ग्राह्य बिघाड म्हणून लिहिलेला आहे. खेळाडूने ताबडतोब थांबायचं, आणि टार्गेटवर गोळ्या लागल्या असतील तर उभ्या रेषेतली वरची गोळी हिशेबात धरायची नाही. वरची गोळी! नियम करणाऱ्यांना हे माहीत होतं. आमच्या सरांना नव्हतं, आणि विचारावंसं त्यांना वाटलंही नाही.

आता तुमच्या काकांचं. पुन्हा एकही गोळी भरू नका, 'बघू परत होतं का' म्हणून तर नाहीच. परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे न्या, सियर, हॅमर, डिस्कनेक्टर, फायरिंग पिन समोर उघडून दाखवायला लावा आणि काय बदललं ते पावतीवर लिहून घ्या. घासून देतो म्हणाला तर पिस्तूल उचला आणि परत या. भाग बदलायचा असतो. कागद जपून ठेवा, कारण चाप दाबून ठेवल्यावर गोळ्या सुटतच राहतील असं बनवलेलं किंवा बदललेलं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ नुसार प्रतिबंधित आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे. झीज म्हणजे बदल नव्हे, पण बिघाड माहीत असून वापरत राहिलात तर ते समजावत बसण्याची वेळ तुमच्यावर येईल. विकायचं की नाही हे दुरुस्तीनंतर ठरवा. दुरुस्त न करता विकू मात्र नका, दुसऱ्याच्या हातात तेच होईल.

एक सांगायचं राहिलं. हाताने दोन गोळ्या सुटणं हेही खरं आहे. पकड सैल आणि ट्रिगर फार हलका असेल तर धक्क्याने पिस्तूल मागे-पुढे होतं आणि बोट नकळत दुसऱ्यांदा चाप दाबतं. तेव्हाही दुसरी गोळी वरच जाऊ शकते, म्हणून नुसत्या भोकांवरून निकाल देऊ नका. पण क्रम असा हवा: आधी पिस्तूल उघडायचं, मग माणसाच्या हाताबद्दल बोलायचं. काकांच्या पिस्तुलाचा ट्रिगर आधी कुणी 'मऊ' करून दिला होता का, हे त्यांना विचारून इथे लिहा.