तळघरातली मैफल : जॅझ क्लबविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही जॅझ क्लबांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाचांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असता तिने आम्हा उभयतांना न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅन्गार्ड’ या जॅझ क्लबात नेले. पियानोवादकाने एक जागा इतकी सुरेख घेतली की माझ्या तोंडून सवयीने ‘वा!’ निघून गेले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिले. थोड्या वेळाने मात्र वादन चालू असतानाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे दाद नेमकी केव्हा द्यायची असते? — एक वाचक, पुणे

उत्तर : बाईंनी वळून पाहिले ते रागानेच असेल असे नाही. जॅझच्या श्रोत्यांतही एखादी जागा जमली की उत्स्फूर्त उद्गार निघतात आणि वादकांना ते हवेही असतात. मात्र ती खोली फार लहान आहे. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरच्या या तळघरात क्लब आणला. अरुंद जिना उतरून गेले की त्रिकोणी आकाराचे दालन लागते आणि त्यात जेमतेम १२३ माणसे बसतात. पहिल्या टेबलावरच्या माणसाला वादकाचा श्वास ऐकू येतो, तसाच वादकालाही त्या माणसाचा चमचा ऐकू येतो. संथ चालीच्या वादनात तुमचा ‘वा’ जरा खणखणीत वाजला असेल, एवढेच.

टाळ्यांचा हिशेब रचनेच्या बांधणीशी जोडलेला आहे. जुन्या धाटणीच्या पुष्कळ रचना चार-चार मात्रांच्या बत्तीस मापांच्या असतात. पहिला आठ मापांचा भाग दोनदा येतो, मग एक वेगळा भाग येतो आणि पुन्हा पहिला भाग. आपण अस्ताईवर परततो तसे. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. त्यानंतर तेच स्वरसंगतीचे चक्र फिरत राहते आणि त्यावर एकेक वादक आळीपाळीने आपली उपज मांडतो. एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होते त्या सांध्यावर श्रोते टाळ्या देतात, त्यामुळे नवख्या माणसाला त्या मध्येच वाजल्यासारख्या वाटतात. शेवटी ड्रमवादक आणि इतर वादक चार-चार मापे वाटून घेऊन सवाल-जवाब करतात आणि सगळे मूळ चालीवर येतात. तबलजींच्या साथीला मान डोलावणाऱ्या श्रोत्याला हे दोन बैठकांत अंगवळणी पडते. एक गोष्ट मात्र आपल्याला हमखास चुकवते. आपला हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडतो. तिथली चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. शंका असेल तर चुटकी वाजवूच नये.

ड्रम आणि पियानो थांबून एकटा डबल बास उरला की आवाज खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी लोकांना गप्पा सुचतात. पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ च्या रविवारी याच तळघरात केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे. त्यात पेल्यांचा किणकिणाट आणि लोकांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. त्या दिवशी बास वाजवणारे स्कॉट लाफारो अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेले. ते वाजवत असताना बोलत बसलेल्या त्या मंडळींचे आवाज आता त्या मुद्रणात कायमचे राहून गेले आहेत. आज तिथे वादन चालू असताना बोलू नये, छायाचित्रे काढू नयेत, असा शिरस्ता आहे आणि तो मला योग्य वाटतो.

प्रश्न : तिकीट काढून आत गेल्यावर पुन्हा एक तरी पेय घेण्याची सक्ती कशासाठी? ही लूट नव्हे काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शंभर-सव्वाशे खुर्च्या, संध्याकाळचे दोन खेळ, भाडे, पियानो सुरात ठेवणाऱ्या कारागिराचे पैसे आणि चार-पाच वादकांचे मानधन यांचा मेळ घालून पाहा, लूट करणारा माणूस या धंद्यात उतरणार नाही. शिवाय क्लबातली जागा म्हणजे वादकाची रोजीरोटी असते. पियानोवादक थेलोनियस मंक यांचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचे तर त्या काळी पोलिसांकडून परवानापत्र घ्यावे लागे. मंक यांचे ते पत्र १९५१ साली काढून घेतले गेले आणि त्यांच्या योग्यतेचा माणूस स्वतःच्याच शहरातल्या क्लबांत काही वर्षे वाजवू शकला नाही. १९५७ साली ते परत मिळाल्यावर ‘फाइव्ह स्पॉट’ या लहानशा क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना सोबत घेऊन ते अनेक महिने वाजवत राहिले आणि तिथेच त्यांची खरी ओळख पटली. ती परवान्याची पद्धत १९६७ साली संपली. पेय म्हणून लिंबू-सोडा मागितला तरी चालतो.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांचे लग्नाचे बँडपथक आहे. मी क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. नोकरीनिमित्त मुंबईत आलो असून येथील एका ठिकाणच्या जॅम सेशनला, म्हणजे कोणीही वर चढून इतरांसोबत वाजवावे अशा बैठकीला, दोनदा गेलो, पण वर चढण्याचे धाडस झाले नाही. मला स्वरलिपी नीट वाचता येत नाही. — एक वाचक, मूळचे कोल्हापूरचे

उत्तर : तुम्ही कानाने वाजवता, रस्त्यावर चालत चालत वाजवता, आणि नवरदेवाच्या मित्रांनी ऐन वेळी फर्माईश बदलली तरी चाल सोडत नाही. जॅम सेशनला जी तयारी लागते तिचा निम्मा भाग तुमच्या घरातच आहे. वादकांच्या त्या फलाटावर स्वरलिपीचे कागद कोणी फारसे मांडत नाही. चाली पाठ असणेच अपेक्षित असते.

उरलेला निम्मा भाग शिकून घ्या. प्रथम बारा मापांचे ब्लूज, म्हणजे जॅझमधला तो साधा ठरीव साचा, पक्के करा, कारण अनोळखी वादक एकत्र आले की बहुधा त्यावरच भेटतात. पियानोवादकाने ‘एफ’ पट्टी सांगितली तर तुमच्या आल्टोवर ती ‘डी’ होईल आणि ‘बी फ्लॅट’ म्हणाला तर ‘जी’ होईल. हे वर चढण्यापूर्वी डोक्यात बसलेले असावे, कारण विचारत बसायला वेळ मिळत नाही. गेल्यावर यजमान वादकाकडे नाव द्यावे, आपली पाळी येईपर्यंत इतरांचे ऐकावे, चाल आणि पट्टी दोन्ही सांगावीत. पहिल्या खेपेला दोन फेऱ्या वाजवून थांबावे. कोणी गात असेल तर तिच्या किंवा त्याच्या ओळींवर आपले सूर पसरू नयेत. वाजवून झाल्यावर लगेच वाद्याची पेटी बंद करून निघून जाऊ नये. नवखे लोक सर्वांत जास्त याच ठिकाणी चुकतात. आपले झाल्यावर तासभर दुसऱ्यांचे ऐकत बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात लोकांच्या लक्षात राहतो.

भीती वाटणे मात्र गैर नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ हे या प्रथेचे सर्वांत गाजलेले ठिकाण. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने ते १९३८ साली सुरू केले. वादकांच्या संघटनेचा फुकट वाजवण्याला विरोध होता आणि सापडल्यास दंडही होई. परंतु मिंटन स्वतः संघटनेचे प्रतिनिधी राहिलेले असल्यामुळे त्यांच्या जागेकडे कानाडोळा होत असे. पुढे व्यवस्थापक टेडी हिल यांनी सोमवारी रात्री वादकांना जेवू घालण्याची पद्धत पाडली. पियानोवर मंक आणि ड्रमवर केनी क्लार्क असत. कच्चे वादक फलाटावर गर्दी करू लागले तेव्हा ही मंडळी मुद्दाम अवघड स्वरसंगती आणि अनवट पट्ट्या निवडत, म्हणजे ज्याला झेपणार नाही तो आपणहून खाली उतरे. बीबॉप नावाची जॅझची शैली ज्या जागांत आकाराला आली त्यांत हे जेवणाचे सोमवार मोडतात. तुमच्या मुंबईतल्या जॅमला इतका कडक उंबरठा नसेल.

प्रश्न : माझे आजोबा ट्रम्पेट वाजवत. मडगावजवळच्या गावातून ते मुंबईला गेले आणि धोबी तलावच्या ‘कुडी’त राहून मोठ्या हॉटेलांत वाजवत, असे आई सांगते. मुंबईत त्या काळी जॅझ क्लब होते का? आणि ही कूड म्हणजे नेमके काय? — एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमच्या दोन प्रश्नांचे उत्तर खरे तर एकच आहे. इंग्रजीत कुडीलाही ‘क्लब’च म्हणत, पण तिथे जॅझ वाजत नसे, जॅझ वाजवणारे तिथे झोपत.

कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेले वसतिस्थान. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता आणि गावात काम नव्हते. खलाशी, आचारी, शिंपी, वादक असे सगळे मुंबईची वाट धरत. गावच्या माणसाला नाममात्र वर्गणीत कुडीत जागा मिळे. भिंतीला लागून एकेकाची ट्रंक, रात्री तिच्याशेजारी अंथरूण, एका टोकाला देव्हारा, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचे तेर्स (जपमाळेची प्रार्थना) आणि वर्षातून एकदा ग्रामदैवतासारखा मानलेल्या संताचा सण. धोबी तलावच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कुडी होत्या, काही अजूनही तग धरून आहेत. यांतली वादक मुले गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, सोल्फा (स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकून आलेली असत. कागद पुढे ठेवला की वाचून वाजवणारा वादक मुंबईला हवा होता आणि तो तयार होऊन आगगाडीतून उतरत होता.

जॅझ होते ते हॉटेलांत. लिऑन ॲबी यांनी १९३५ साली आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आणला. त्यांच्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. या मंडळींच्या शेजारी बसून गोव्याचे वादक ती शैली शिकले. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि त्यांना लोक प्रख्यात अमेरिकी ट्रम्पेटवादकाच्या नावावरून भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. रात्री हॉटेल आणि दिवसा चित्रपटांचे स्टुडिओ, असा या लोकांचा दिनक्रम होता. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे चिक चॉकलेट हे सहायक होते आणि १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून पन्नास वाद्यांना वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांसारखे गोवेकर करीत. पुढे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांनी हाच बाज कोकणी गाण्यांत आणला, तो तुमच्या घरीही ऐकला गेला असेल.

तरीही याला जॅझ क्लब म्हणायला मन घेत नाही. हॉटेलात लोक जेवायला आणि नाचायला येत; वादन हे त्या नाचाच्या सोयीसाठी असे. शिवाय त्या दारातून आत जायला पैसा आणि पेहराव दोन्ही लागत. तुमच्या आजोबांच्या शेजारी झोपणारा खलाशी त्यांना वाजवताना ऐकायला आत जाऊ शकला असता का, याचे उत्तर बहुधा नाही असेच आहे. वादकांचा समाज धोबी तलावला होता, ऐकणारे अपोलो बंदरला होते, आणि दोघांनी एकत्र बसावे अशी लहान, स्वस्त, नेहमीची जागा मधे कुठे नव्हती. मुंबईच्या जॅझची उणीव मला वादकांत कधी दिसली नाही. ती या जागेत दिसते.

ती उणीव काही रात्रींपुरती भरून निघाली १९७८ साली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला तो रंगभवनात, म्हणजे जेर महालपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उघड्या आकाशाखाली. पहिल्याच यात्रेत अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातला ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब २००७ ते २०१६ एवढाच टिकला. गिरण्यांच्या जमिनीचा भाव आणि सॅक्सोफोन यांचे फार काळ जमणे अवघडच.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी आमच्या शहरात महिन्यातून एकदा जॅझ ऐकण्या-वाजवण्याचा लहानसा क्लब काढू पाहत आहोत. एका मैत्रिणीच्या वडिलांचे रिकामे गोदाम मिळते आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : महिन्यातून एकदा हे कमी आहे, लोक तारीख विसरतात. जमत असेल तर पंधरवड्याने भेटा, पण वार कायम ठेवा. व्हॅन्गार्डमध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सोमवारचा मोठा वाद्यवृंद सुरू केला, कारण सोमवारी वादकांना दुसरीकडे काम नसे. दोघेही गेले, तरी तो सोमवार अजून चालू आहे. तुमच्या शहरातले वादक लग्नसराईत शनिवार-रविवारी गुंतलेले असणार, हे लक्षात घेऊन वार निवडा.

आधी शेजाऱ्यांना भेटा. गोदामाला पत्र्याचे छप्पर असेल तर पावसाळ्यात बैठक दुसरीकडे न्या. दहाच्या आत वादन आवरा, आणि तिकीट लावणार असाल तर परवान्यांची चौकशी वकिलाकडे करा. ती मित्रांच्या सांगण्यावर सोडू नका. वादकांना थोडे का होईना, पण मानधन द्या आणि जेवण नक्की द्या. खुर्च्या ओळीत न मांडता अर्धवर्तुळात, वादकांच्या जवळ मांडा. ध्वनिवर्धक गायकापुरता ठेवला तरी पुरे. ड्रमखाली जुनी जाड सतरंजी अंथरायला मात्र विसरू नका, नाहीतर गुळगुळीत फरशीवर मोठा ड्रम प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकतो आणि शेवटच्या रचनेपर्यंत तो श्रोत्यांत येऊन बसतो.