कॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत एलआरडीआय, म्हणजे तर्क आणि माहिती-विश्लेषणाचा विभाग असतो. त्यातल्या बैठकीच्या सेटची (कोण कुठे बसलंय हे अटींवरून शोधायच्या प्रश्नगटाची) आकृती कधी काढावी? पहिली अट वाचल्याबरोबर, की सगळ्या वाचून?

सगळ्या अटी वाचून. आणि कागदावरच. डोक्यात नाही.

हे एवढं ठासून सांगते, कारण 2018 साली क्लासमध्ये सरांनी माझी वही उचलून भर बॅचला दाखवली होती. "ही अशी रांगोळी काढत बसली तर साठ मिनिटांत सेट किती होणार?" तेव्हा या विभागाला साठ मिनिटं आणि चार-चार प्रश्नांचे आठ सेट असायचे. ते मला इतकं लागलं की त्या दिवसापासून मी सगळं डोक्यात धरायला लागले. परीक्षेतही तेच. तिसऱ्या सेटला दोन शक्यता एकमेकींत मिसळल्या, मग घाईघाईने पेनाने गिरबटलं, चारही उत्तरं गेली. विभागात 61 पर्सेंटाइल.

पुढच्या जूनमध्ये आई शाळेचं वेळापत्रक करत होती. ती शिक्षिका आहे, हे काम दरवर्षी तिच्याच गळ्यात. जमिनीवर आलेखाचा मोठा कागद, हातात पेन्सिल. तिने सोमवारचा पहिला तास सोडून एकदम गुरुवारच्या रकान्यात हात घातला. का, विचारलं तर म्हणाली, "चित्रकलेच्या मॅडम दोनच दिवस येतात गं. गणित आधी भरून टाकलं तर त्यांना जागा कुठून आणू?" मग प्रयोगशाळेचे जोडतास. मराठी-गणित सगळ्यात शेवटी, कारण ते कुठेही सरकतात. आणि दोन पर्याय उरले की ती पहिला खोडायची नाही, शेजारी दुसरा कागद घ्यायची.

मला हवं होतं ते हेच. समजा सहा जण एका ओळीतल्या सहा खुर्च्यांवर, सगळ्यांची तोंडं उत्तरेला. अटी या क्रमाने दिल्यात: क आणि प यांच्यामध्ये बरोबर दोघे, म हा क च्या लगेच उजवीकडे, प टोकाला नाही, न डावीकडून पहिला. पहिल्या अटीपासून सुरुवात केलीत तर सहा आकृत्या होतात. न ला आधी बसवा, चारच उरतात. त्यातली एक प टोकाला जातो म्हणून बाद, दुसरीत क च्या उजवीकडे खुर्चीच नाही. राहिल्या दोन: न-क-म-रिकामी-प-रिकामी आणि न-प-रिकामी-रिकामी-क-म. या दोन शेजारी-शेजारी काढा आणि शेवटपर्यंत दोन्ही राहू द्या. "नक्की कोण कुठे" असा प्रश्न आला तर दोन्हींत जे सारखं तेच उत्तर. "टोकाला नाही" असल्या नकारी अटी त्या खुर्चीखाली फुली मारून लिहा, लक्षात ठेवू नका.

2019 ला याच पद्धतीने 94 आले. रांगोळीत वेळ जातो हे साफ खोटं आहे. माझा वेळ जायचा तो चुकलेली आकृती पुन्हा काढण्यात. तुमच्या क्लासमध्ये कुणी असं म्हणत असेल तर ऐकू नका, आणि वही तर अजिबात देऊ नका.

हो, एक राहिलं. हे बैठक, क्रम, मजले असल्या सेटपुरतं. आकड्यांच्या तक्त्यांना आणि टूर्नामेंटला वेगळी मांडणी लागते. शिवाय 2020 पासून विभागाला चाळीसच मिनिटं आहेत, त्यामुळे वाचताना एकही पक्की जागा देणारी अट दिसली नाही तर तो सेट मी आज सोडून पुढे गेले असते.