रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी माणसाला आधी घर द्यावं की आधी नशा सोडवावी? यावर काही संशोधन झालंय का?

झालंय, आणि चांगलं मोठं झालंय. प्रश्नाखाली तुम्ही जी शंका लिहिली आहे, ‘फुकट घर दिलं तर आत बसून आणखी पितील’, ती मी रोज ऐकते. मुंबईत बेघरांबरोबर काम करते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही मला कुणीतरी हेच विचारतं.

कॅनडात २००९ ते २०१३ दरम्यान ‘ॲट होम’ नावाचा प्रयोग झाला. सरकारने त्यासाठी ११ कोटी डॉलर दिले होते. व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांतले दोन हजारांवर बेघर लोक त्यात होते. सगळ्यांना मानसिक आजार, बऱ्याच जणांना व्यसनही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. काहींना नेहमीच्याच सेवा, म्हणजे निवारा, इस्पितळ, जे मिळेल ते. बाकीच्यांना थेट भाड्याचं घर. नशा सोडायची अट नाही, औषध घ्यायची अट नाही. उत्पन्नाच्या फार तर ३० टक्के भाडं त्यांनी भरायचं, वरचं प्रकल्प भरणार, आणि आठवड्यातून एकदा तरी कार्यकर्त्याला दार उघडायचं. मूळ कल्पना सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाची, त्यांनी १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली.

प्रयोगाच्या शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोकांकडे सहाही महिने राहायला घर होतं. दुसऱ्या गटात ३१ टक्के.

नशेचं काय, ते मात्र आमच्यातले ‘आधी घर द्या’ म्हणणारे जरा हळू आवाजात सांगतात. ती दोन्ही गटांत कमी झाली, आणि जवळपास सारखीच. म्हणजे तुमची भीती खरी ठरली नाही, पण घराची चावी हातात आल्याने व्यसन सुटलं असंही नाही. त्याला उपचार वेगळे लागतातच. पैशांचंही तसंच: ज्यांच्यावर सर्वांत जास्त सरकारी खर्च होत होता अशा १० टक्के लोकांच्या बाबतीत घातलेल्या दर १० डॉलरमागे २१.७२ डॉलर वाचले, पण सरसकट सगळ्यांचा हिशेब केला तर घातलेले पैसे पूर्ण भरून निघाले नाहीत. ‘घर दिलं की सरकारचा फायदाच’ असं कुणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. तिथल्या माणसाला निदान सरकारी भत्ता मिळतो. आमचा माणूस लग्नसराईत केटररकडे, एरवी भंगार वेचायला. डिपॉझिट कोण देणार, भाडेकरार कुणाच्या नावाने? आणि प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच: सोबत कोण आहे?

चाळिशीतला एक जण होता, गर्द ओढायचा. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, इतकी वाईट लागली की स्वतःहून म्हणाला, ताई, मला भरती करा. व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, सहीला नातेवाईक आणा. नातेवाईक असते तर तो पुलाखाली कशाला झोपला असता! शिवाय त्याला आवाज ऐकू यायचे, म्हणून ‘आधी मानसिक उपचार करा’. तिकडे गेलो तर ‘आधी नशा सोडवा’. रात्री निवाऱ्याच्या दारात तोंडाचा वास घेतला आणि आम्ही परत पुलाखाली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास धरलेले आहेत. कागदावर दोन्ही एकत्र आहेत, खिडक्या मात्र दोन.

त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या बायका चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, मदतीला कार्यकर्ती असते. नशा करणाऱ्या पुरुषांना घर द्यायला मालक कसे तयार होतील, ते विचारू नका. आम्ही अकरा ठिकाणी फिरलो.

तो माणूस आता मानखुर्दला दोघा केटरिंगवाल्यांबरोबर एका खोलीत राहतो. नशा सुटलेली नाही. टीबीची औषधं मात्र यावेळी पूर्ण झाली. आधी दोनदा अर्ध्यात सुटली होती, कारण गोळ्यांची पिशवी रात्री चोरीला जायची.