सबटायटलमध्ये 'अहो' उतरत नाही

वर्षभरात चाळीसेक आशियाई सिनेमे पाहून तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या सिनेमातली माणसं बोलताना एकमेकांकडे बघत नाहीत, कोरियन-जपानी सिनेमातली नाती ध्यानात राहत नाहीत आणि सगळंच संथ वाटतं. आधी नात्यांचं बोलू, कारण तिथे मराठी माणसाचं पारडं जड आहे.

'काय रं भावा' कुणाला म्हणायचं आणि 'अण्णा, बसा की' कुणाला, हे कोल्हापुरात पोरालाही कळतं. कोरियन आणि जपानीत असंच आहे, पण इंग्रजी सबटायटलमध्ये सगळ्यांना एकच 'यू'. म्हणून कान उघडे ठेवा. कोरियन वाक्याच्या शेवटी 'यो' ऐकू येतोय तोवर बोलण्यात अदब आहे. तो मधेच गळाला, तर बहुतेकदा जवळीक वाढली किंवा भांडण पेटलं. मोठ्या भावाला मुलगा 'ह्योंग' म्हणतो, मुलगी 'ओप्पा'. सबटायटल तिथे बहुतेकदा नुसतं नाव छापतं. आणि आडनाव आधी येतं: कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांचं आडनाव बोंग.

तैवानी दिग्दर्शक होउ शाओ-शेन यांच्या 'अ सिटी ऑफ सॅडनेस'मध्ये (1989) हे आणखी महत्त्वाचं. जपानी राजवट 1945 मध्ये संपल्यावरचं तैवान आहे. घरात होक्कियन ही तिथली बोली, नव्या सरकारची मँडरिन चिनी, जुन्या शिक्षणातली जपानी. शांघायच्या गुंडांशी बोलणी होतात तेव्हा एकच वाक्य दुभाष्यांच्या तोंडून फिरत जातं. कोण कुठल्या भाषेत बोलतो हेच तिथलं राजकारण, आणि सबटायटलमध्ये सगळं सपाट. हाँगकाँगचा नट टोनी लिऊंगला होक्कियन येत नव्हती, म्हणून त्याचं पात्र मूकबधिर केलं. तो कागदावर लिहून बोलतो. कथेला याहून नेमकं काही सुचलं नसतं.

आता ओझू. नेहमीच्या पद्धतीत कॅमेरा दोन माणसांमधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहतो, म्हणून एक उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे. ओझू ती रेषा बिनदिक्कत ओलांडतात आणि नटाची नजर जवळजवळ लेन्सपाशी आणतात. त्यामुळे दोघंही एकाच दिशेला बघताहेत असं वाटतं. ही चूक नव्हे. बोलणाऱ्याच्या समोर तुम्हाला बसवलं आहे. कॅमेरा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. 'टोकियो स्टोरी'त (1953) आतामीच्या समुद्राकाठी म्हातारी बांधावरून उठते आणि तिला भोवळ येते. संगीत वाढत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. तेवढा क्षण निसटला तर पुढचा सगळा भाग रिकामा वाटतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढंच सांगतो.

संथपणाचं खापर दिग्दर्शकावर फोडण्याआधी टीव्ही तपासा. सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' बंद करा. ही सोय चालू असली की टीव्ही दोन फ्रेमच्या मधे नव्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. जुना चौकोनी सिनेमा ताणून पडदा भरू नका. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर ओझूच्या दारं-खिडक्यांची सगळी मांडणी बिघडते.

सबटायटल सुरुवातीपासून सारखंच मागे-पुढे असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जी किंवा एच दाबा, एका दाबाला 50 मिलिसेकंद सरकतं. पण आधी बरोबर असून हळूहळू घसरत असेल तर त्याने भागणार नाही. ती फाइल सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीची असते आणि तुमची प्रत 24 ची, किंवा उलट. दोन तासांत जवळपास पाच मिनिटांचा फरक पडतो. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फाइलचा फ्रेम रेट बदलून घ्या.

पुढचा सिनेमा तैवानी दिग्दर्शक एडवर्ड यांग यांचा 'यी यी' (2000) लावा. 173 मिनिटं आहेत, एकाच बैठकीत बघा. त्यातला छोटा यांग-यांग माणसांच्या डोक्यामागचे फोटो काढतो, कारण ती बाजू त्यांना स्वतःला दिसत नाही.