चार माणसांच्या वर्कशॉपने भागाचा काय विकास होणार?

तू लिहिलंयस की मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे, आपल्याच भागात वर्कशॉप टाकायचंय, आणि बाबा म्हणतात शहरात नोकरी धर, चार माणसांच्या धंद्याने भागाचा काय विकास होणार. बाबांचा प्रश्न चुकीचा नाहीये बरं का.

शेजारी एक वर्कशॉप चालू असताना तू तसंच दुसरं टाकलंस तर त्याचंच गिऱ्हाईक तुझ्याकडे येणार, भागात नवीन पैसा शून्य, वर दोघंही रेट पाडून बसणार. पण बाहेरचे कारखाने घेतील असा पार्ट बनवलास, किंवा आजवर लांबून मागवावा लागायचा तो इथेच करून दिलास, तर गोष्ट वेगळी. मग बघायचं तो पैसा पुढे कुठे जातो. वेल्डिंगवाला, टेम्पोवाला, अकाउंट्स बघणारा हे जवळचे असतील तर तोच पैसा आणखी दोन-तीन घरांत फिरतो, नाहीतर आल्या पावली परत. आणि हो, तुझ्या हाताखाली शिकलेला पोरगा उद्या बाजूलाच स्वतःचं मशीन टाकेल, तुला राग येईल, पण भाग वाढतो तो असाच.

स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागॉन या गावाबद्दल जरूर वाच. तिथे एका पाद्र्याने १९४३ मध्ये पोरांसाठी टेक्निकल स्कूल काढलं, तिथे शिकलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये उल्गोर नावाचा छोटा कारखाना टाकला, स्टोव्ह बनवायचे, कामगारच मालक. १९५९ मध्ये तर स्वतःची बँकच काढली, म्हणजे तिथल्या लोकांची बचत तिथल्याच नव्या धंद्यांना मिळायला लागली, माझ्या मते खरी मेख इथेच आहे. २०१३ मध्ये त्या पहिल्या कारखान्यातून वाढलेली फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी बुडाली, पण तोवर आजूबाजूला इतक्या सहकारी कंपन्या उभ्या होत्या की बऱ्याच कामगारांना त्यांनी सामावून घेतलं. एकाच मोठ्या कारखान्यावर जगणाऱ्या गावाला ही सोय नसते.

आता तुझं. लगेच मशीनसाठी लोन काढू नकोस. आधी दोन वर्षं नोकरी कर, पण जमल्यास परचेस किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणारे शोधून तयार करणाऱ्या विभागात, तिथे कळतं कंपनी कुठला पार्ट किती लांबून आणते, माल रिजेक्ट का होतो, पेमेंट किती दिवसांनी सुटतं. ऑर्डर हातात असून पेमेंट अडकलं म्हणून बसलेले धंदे मी बरेच बघितलेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नको.

बाबांना सध्या एवढंच सांग की नोकरी धरतोय, ते खूश होतील. कुठली, कशासाठी, ते नंतर सांगता येईल.