सायकलने कामाला जाणे कमीपणाचे का?

प्रश्न : मी वडगावात राहतो व उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबनीस आहे. गेल्या दिवाळीपासून मोटारसायकल घरी ठेवून सायकलने कामावर जातो. रविवारी हेल्मेट घालून राकसकोपकडे सायकली पिटाळणाऱ्या तरुणांचे सगळे कौतुक करतात. मला मात्र ‘गाडी विकलीत काय?’ असे विचारतात. लोकांची दृष्टी खरोखरच बदलते आहे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : बदलते आहे, पण अर्धीच. हौसेच्या सायकलला मान मिळू लागला, गरजेच्या सायकलला तो अद्याप मिळालेला नाही. शहापूर-खासबागचे विणकर, पाळीला जाणारे फौंड्री कामगार, हँडलला किटल्या अडकवून खेड्यांतून रतीब घालायला येणारे गवळी, या सर्वांचे वाहन एकेकाळी सायकलच होते आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. १९७२ मध्ये लुना आली, १९८५ मध्ये थोड्या पेट्रोलवर लांब पळणारी हिरो होंडा आली, पुढे हप्त्यांची सोय झाली. आणि ज्याच्याकडे सायकल उरली, तो गाडी न परवडणारा ठरला. आपल्याला विचारला जाणारा प्रश्न या समजुतीतून येतो, त्यामागे आकस नसतो.

ही समजूत पुसता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास सुरुवात केली आणि दप्तर कॅरिअरला लावून हायस्कूलला जाणाऱ्या मुली गावोगावी नेहमीच्या झाल्या. दुःख एवढेच की, कॉलेजात गेल्यावर त्याच मुलीला स्कूटी हवीशी वाटते, कारण शहरात सायकल नीट लावायलाही जागा नसते. माझ्या मते उपदेशापेक्षा अशी जागा अधिक काम करील. आपल्या मालकांकडे फाटकाजवळ, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर, सायकलींसाठी पत्र्याची शेड जरूर मागावी. साहेबांच्या गाडीशेजारी हिशेबनिसाची सायकल रोज दिसू लागली की कामगारांनाही संकोच उरणार नाही.

चार-पाच किलोमीटरचे अंतर निवांत चालवूनही पंचवीस मिनिटांत कापता येते, त्यामुळे वेळेची सबब फारशी टिकत नाही. मात्र पावसाळ्यापूर्वी दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर आणि मागचा लाल दिवा बसवून घ्यावा. संध्याकाळी खानापूर रोडवर अवजड वाहनांची वर्दळ असते, तेव्हा शक्य तितके आतल्या रस्त्यानेच यावे.